तुमच्यात देवाला उठवतात का?



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी १९७१ साली मला एक प्रश्न विचारला होता. त्याचे उत्तर मी तेव्हा फार घाईने दिले. ते दुरुस्त करण्यासाठी आज इथे उभा आहे.

मी त्या वर्षी इथेच, धुळ्यात, मिशनच्या बोर्डिंगात राहून अकरावीला होतो. परीक्षा जवळ आली की सर आम्हा चार-पाच मुलांना पहाटे घरी बोलावत. सर माळकरी. आम्ही ओट्यावर येऊन बसायचो तेव्हा आत भूपाळी चालू असे. एकदा ती आटोपून ते बाहेर आले, पंचाला हात पुसत माझ्याकडे बघितले आणि म्हणाले, “काय रे, तुमच्यात देवाला उठवतात का?”

बायबलातले १२१वे स्तोत्र मला संडे स्कूलपासून तोंडपाठ होते. देवाला झोप तर सोडाच, साधी डुलकीही लागत नाही, असे त्यात सांगितले आहे. मी ताठ होऊन म्हणालो, “नाही सर. आमचा देव झोपतच नाही.”

सर रागावले नाहीत. “आषाढीला आमचाही झोपत नाही,” एवढेच म्हणाले आणि अभ्यासाला लागण्याआधी त्यांनी आम्हाला सांगितले की आषाढीच्या यात्रेत पंढरपुरात विठोबाचा पलंग काढून ठेवतात. शेजारती बंद. दर्शन रात्रंदिवस चालू. लेकरे इतक्या लांबून पायी आली आहेत, मग माउलीने डोळा लावायचा कसा? यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते आणि मगच देवाला पलंग मिळतो. आपल्या मुक्ताईनगरहून निघालेली मुक्ताईची पालखी महिनाभर चालते, तिच्यासाठी तो जागा राहतो, असे सांगताना सरांचा आवाज जरा हलला. मला मात्र वाद जिंकल्यासारखे वाटत होते. त्यांचा देव काही दिवस जागा, आमचा बारा महिने! सतरा वर्षांच्या मुलाला याहून जास्त काय कळणार?

या शहरात धर्मग्रंथावर साधेपणाने बोलण्याची एक मोठी आठवण आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी रविवारी रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. ऐकणारे कैदी होते, पंडित नव्हते. पुढे विनोबांनी ‘ख्रिस्तधर्म-सार’ही सिद्ध केले. मी विनोबांच्या पायरीलाही उभा राहू शकत नाही. हिब्रू मला कोशाच्या काठीने चालण्यापुरतीच येते. पण पन्नास वर्षे रोज एक स्तोत्र वाचत आलो आहे. १५० संपली की पुन्हा पहिल्यावर. माझे भांडवल तेवढेच.

आणि दुसरे एक भांडवल आहे. मी जागल्याचा नातू आहे.

आजच्या मुलांना जागल्या माहीत नसेल. आम्ही भिल्ल. खानदेशात गावाची आणि पिकाची राखण पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडे असे. आजोबा साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी एका फडाचे जागल्या होते. फड म्हणजे आपल्या भागाची शेकडो वर्षांची पाणी वाटून घेण्याची रीत. नदीला दगडी बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि चारीच्या पाण्यावर सगळ्यांच्या जमिनीचे मोठे मोठे पट्टे. एका पट्ट्यात एका वर्षी सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. पाणी कुणाला किती आणि कधी, ते पाटकरी पाहणार. पीक राखणार जागल्या. पाटकऱ्याला गावात थोडा तरी मान होता. जागल्या सगळ्यांच्या खाली. रात्रभर जागून सकाळी त्याला ओट्याखालीच उभे राहावे लागे. मोबदला धान्यात, तोही खळ्यावर सगळ्यांचे मोजून झाल्यावर.

पहिल्या स्तोत्रात पाण्याजवळच्या झाडाची उपमा आहे. प्रवचनात आपण सर्रास नदीकाठचे झाड म्हणतो. पण मूळ हिब्रूतला ‘पलगीम’ हा शब्द ‘विभागणे’ या धातूवरून आलेला आहे. वाटून दिलेले पाणी, म्हणजे पाट किंवा चारी. आणि झाड ‘लावलेले’ आहे असे सांगणारा जो शब्द आहे त्याचा अर्थ एका जागेहून काढून दुसरीकडे लावलेले. ते झाड आपोआप उगवलेले नाही. कुणीतरी आणून पाटाशी लावले, आणि पाण्याची पाळी येईल तेव्हाच ते हिरवे राहणार. हे वाचले तेव्हा मला फड आठवला, आणि त्या झाडाची रात्री राखण कोण करत असेल हाही प्रश्न पडला. पुष्कळ भाष्यकारांना तो पडलेला नाही. त्यांच्या घरात कुणी जागल्या नसावा.

राखणदार स्तोत्रांत सापडतो, पण पुढे जाऊन. १२० ते १३४ ही १५ स्तोत्रे यात्रेकरूंची. यरुशलेम डोंगरावर, सणाला लोक चढण चढत जात आणि वाटेत ही म्हणत, असे परंपरा सांगते. आपल्या वारीतल्या अभंगांसारखी ती छोटी आणि चालीत बसणारी आहेत. या पंधरांत जागणारी माणसे पुन्हा पुन्हा भेटतात. १३० मध्ये पहाटेची वाट पाहणारा पहारेकरी आहे. १३४ मध्ये मंदिरात रात्रभर उभे राहणारे सेवक आहेत. १२७ म्हणते, परमेश्वराने राखले नाही तर पहारेकऱ्याचे जागणे फुकट. आणि १२१, आठ ओव्यांएवढे ते लहान गाणे. त्यात ‘शामर’ म्हणजे राखणे हा धातू सहा वेळा येतो. मराठी बायबल तिथे रक्षण, रक्षक असे भारदस्त शब्द वापरते. रक्षक म्हटले की डोळ्यांपुढे तलवार, छत्र, सिंहासन येते. पण १३० मधला पहाटेची वाट पाहणारा गरीब पहारेकरी आणि १२१ मधला देव यांना हिब्रूत एकच शब्द आहे. शोमेर. मी तो खानदेशीत ठेवून पाहिला. देव इस्राएलचा जागल्या आहे.

हे मला सुचले तेव्हा वय चाळिशीचे होते. वही मिटून बराच वेळ बसलो. ज्या माणसाला गावाने ओट्यावर घेतले नाही, त्याचे काम देवाने स्वतःकडे घेतले, आणि यात्रेकरूंनी ते गाण्यात घातले. माझे वडील प्रभूकडे वळले त्याची कारणे पुष्कळ सांगितली जातात. कुणी शाळा म्हणेल, कुणी दवाखाना. विसाव्या शतकाच्या आरंभी स्कँडिनेव्हियन मिशनरी या पश्चिम खानदेशात आले, जळगाव-भुसावळकडे अमेरिकेतल्या अलायन्स मिशनचे लोक होते, आणि त्यांनी शाळा-दवाखाने काढले, हे खरेच आहे. पण वडिलांना १२१वे स्तोत्र इतके का आवडे हे मला त्या दिवशी कळले. ते जागल्याचे पोर होते. बाप रात्री घरी नसलेले पोर.

१३०व्या स्तोत्रात पहारेकऱ्याची उपमा लागोपाठ दोनदा येते, तेच शब्द जसेच्या तसे. पंडित म्हणतात, जोर देण्यासाठी. आजोबांना मी लहानपणी विचारले होते की रात्र संपत आली हे कसे कळते. ते म्हणाले, पूर्वेला एकदा बघायचे आणि मग परत बघायचे, पहिल्यांदा नेहमी चूक होते. खोटी पहाट असते. म्हणून ते शब्द दोनदा आहेत, असे मी मानतो. हे कुठल्या भाष्यात नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो.

२००९च्या एप्रिलमध्ये माझा धाकटा भाऊ जळगावला दवाखान्यात होता. मूत्रपिंडे गेली होती. जळगावचा एप्रिल तुम्हाला सांगायला नको. रात्री दोन वाजताही भिंतीतून झळ येत होती. तीन रात्री मी त्याच्या उशाशी होतो. तो थोडा शुद्धीवर आला की म्हणे, “दादा, वाच.” मी १२१ वाचे. मग तो झोपे. चौथ्या रात्री साडेतीनच्या सुमारास मला खुर्चीत डोळा लागला. वीस मिनिटे लागला असेल. जाग आली तेव्हा तो गेलेला होता.

मी जागल्याचा नातू, आणि मला झोप लागली.

पुढचे काही महिने मला १२१ वाचता आले नाही. पान समोर आले की डोळे दुसरीकडे वळत. मला लाज वाटे. आणि लाजेच्या तळाशी राग होता, तो उशिरा ओळखता आला. मी झोपलो हे खरे, मी माणूस आहे. पण जो झोपत नाही तो त्या वीस मिनिटांत काय करत होता?

ख्रिस्ती माणसाला हे मोठ्याने बोलता येत नाही. मंडळीत भेटणारा प्रत्येक जण सांत्वन करतो, प्रभूची इच्छा म्हणतो, आणि खरोखर प्रेमाने म्हणतो. मी मान हलवत असे. माय मात्र मान हलवत नसे. ती अडाणी, पण लहानपणी तिने मला एक शिकवले होते: “देवपाईन काही दपाडानं नही.” देवापासून काही लपवायचे नाही. स्तोत्रांचे पुस्तक मी क्रमानेच वाचत होतो, आणि क्रमाने एक दिवस ४४वे आले.

हे स्तोत्र साठ वर्षांत मंडळीच्या शास्त्रपाठाला लागलेले मी ऐकलेले नाही. त्यात पूर्ण प्रजा देवासमोर उभी आहे. पूर्वजांना तू सोडवलेस, असे सुरुवातीला गोड बोलते, आणि मग हिशेब मांडते. आम्ही तुला विसरलो नाही, करार मोडला नाही, तरी आम्हाला कापायच्या मेंढरांसारखे करून टाकलेस. आणि शेवटी ओरडते. जागा हो, म्हणते. झोपलास का, असे सरळ विचारते.

मी पान उलटून १२१ काढले. मग पुन्हा ४४. एकाच पुस्तकात एक गाणे म्हणते तो झोपत नाही, दुसरे म्हणते ऊठ. संपादकांनी यातले एक काढून टाकायला हवे होते. काढले नाही.

पुढे वाचताना मला एक गोष्ट सापडली. यहुदी लोकांच्या मिश्ना या ग्रंथात सांगितले आहे की योहानान नावाच्या महायाजकाने ‘जागे करणारे’ बंद केले. हे जागे करणारे कोण? मिश्नावरच्या चर्चेचा ग्रंथ म्हणजे तालमुद, त्यात खुलासा आहे. मंदिराचे सेवक असलेले लेवी रोज व्यासपीठावर उभे राहून ४४व्या स्तोत्रातली ती हाक देत. महायाजक त्यांना म्हणाला, देवाला कधी झोप असते का? आणि आधाराला त्याने १२१वे स्तोत्र दिले.

मित्रहो, हे वाचून मी हादरलो. महायाजकाने दिलेले उत्तर आणि मी सरांच्या ओट्यावर दिलेले उत्तर, दोन्ही एकच. तेच स्तोत्र, तोच ताठा. आणि ज्यांना त्याने गप्प केले तेही आमच्यातलेच होते. सर, आमच्यात देवाला उठवत असत. रोज उठवत असत. आम्ही ते बंद केले.

भूपाळीत आणि या हाकेत फरक आहे, तो मी पुसणार नाही. भूपाळीत लाड आहे. दिवस उगवला, दारी भक्त आले, आता ऊठ, असा घरातल्या माणसाचा सूर असतो. ४४वे स्तोत्र म्हणजे मध्यरात्री दार बडवणे. मराठीत त्याच्या जवळ जायचे तर समर्थांच्या करुणाष्टकांकडे जावे लागते. शंकरराव देवांनी ज्यांच्या हस्तलिखितांसाठी याच धुळ्यात समर्थ वाग्देवता मंदिर उभे केले, तेच समर्थ. तिथेही जीव तुटतो. पण समर्थ स्वतःला दोष देतात, आणि ४४वे स्तोत्र म्हणते आमचा दोष नाही. हे धारिष्ट वेगळे आहे. मला ते कित्येक वर्षे पापासारखे वाटे.

पण हे ओरडणारे कोण होते? स्तोत्राच्या माथ्यावर लिहिलेले आहे: कोरहाचे वंशज. पाण्यासाठी लुलपणाऱ्या हरिणीचे ४२वे स्तोत्र त्यांचेच. ‘लुलपणे’ हे क्रियापद मला मराठी बायबलनेच दिले, आणि मे महिन्यात पांझरेच्या कोरड्या पात्रात जीभ काढून उभे असलेले जनावर ज्याने पाहिले आहे त्याला त्याचा अर्थ विचारावा लागत नाही. अंधार या शब्दावर संपणारे, कुठलाही दिलासा न देणारे ८८वे स्तोत्रही याच घराण्याचे. गाणारे लोक म्हणूनच मी त्यांना ओळखत होतो. मग पहिल्या इतिहासाच्या पुस्तकात त्यांचे दुसरे काम वाचले. कोरहाचे वंशज मंदिराचे द्वारपाळ होते. उंबऱ्याची राखण त्यांच्याकडे होती.

म्हणजे ओरडणारेही जागलेच.

पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून पूर्ण बायबल मराठीत आणले. १९२२च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, आणि ते १९२४ साली केडगावच्या मुक्ति मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडले. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या बायका-मुली मुक्तीतल्याच. त्यांच्यातल्या कितीतरी १८९७ आणि १९००च्या दुष्काळांतून रमाबाईंनी वाचवून आणलेल्या होत्या. ४४वे स्तोत्र वाचताना मला आता ती छापखान्यातली खोली दिसते. उपाशी आईबाप पाहिलेली एक मुलगी ते ओरडणे एकेक खिळा उचलून, उलट्या अक्षरांत, ओळीत लावते आहे. पुढे १२१ येते आणि तेही तीच लावते. त्यातले एक खोटे म्हणून तिने बाजूला ठेवले नाही. मला वाटते, दोन्ही एकदम हातात धरणे तिला महायाजकापेक्षा जास्त चांगले जमले असेल.

पौलालाही ते जमले होते. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात तो ४४व्या स्तोत्रातली कापायच्या मेंढरांची ओळ घेतो, आणि त्याच दमात म्हणतो की ख्रिस्ताच्या प्रेमापासून आम्हाला काहीच वेगळे करणार नाही. ती ओळ गाळून तो तिथे पोचत नाही. आणि गालील समुद्रावरच्या त्या वादळात खुद्द प्रभू मचव्याच्या वरामात उशीवर डोके ठेवून झोपला आहे. शिष्य त्याला हलवून उठवतात, तुला काळजी नाही का म्हणतात. तो उठतो, वाऱ्याला दटावतो, मग त्यांच्या विश्वासाबद्दल विचारतो. पण आधी उठतो. हा क्रम मी आधी कधी पाहिला नव्हता. आणि गेथशेमाने बागेत सगळे उलटते. आता तो जागा आहे आणि शिष्यांना म्हणतो, माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपतात. लूक लिहितो, दुःखामुळे झोपले. बाकी कुणी ते कारण दिलेले नाही. लूक वैद्य होता असे म्हणतात. खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागलेली माणसे त्याने पाहिली असावीत.

मी हे सगळे मायला सांगितले. तालमुद, महायाजक, कोरह. तिने किती ऐकले ठाऊक नाही. मी शेवटी ते वीस मिनिटांचे सांगितले, जे तोवर कुणालाच सांगितले नव्हते. ती भाकरी थापत होती. तशीच थापत म्हणाली, “तू जपी गया व्हता. तो जपना नही.”

अहिराणी न येणाऱ्यांसाठी सांगतो. आमच्याकडे जपणे म्हणजे झोपणे. तू झोपून गेला होतास, तो झोपला नाही, एवढेच ती म्हणाली. पण मी सरांकडे मराठी शिकलेला. मला तिच्या शब्दात प्रमाण मराठीतले जपणेही ऐकू आले, राखणे या अर्थाचे. तिला तसे म्हणायचे नव्हते, मला ठाऊक आहे. १२१वे स्तोत्र मी त्या रात्री पुन्हा वाचले, आणि दुसऱ्या दिवशी ४४. आजही दोन्ही वाचतो. ते वीस मिनिटांचे मला अजून समजलेले नाही.

आजोबांचे एक सांगायचे राहिले. रात्री फडावर ते थोड्या थोड्या वेळाने हाकारा घालत. डुकरे पळावीत म्हणून, असे मी समजत असे. एकदा सुट्टीत त्यांच्याबरोबर माळ्यावर झोपलो तेव्हा ऐकले की पाटाच्या पलीकडून, दुसऱ्या फडावरून, उलट हाकारा येतो. तो तिथला जागल्या. त्या रात्री एकदा उत्तर आले नाही. मी विचारले, तो झोपला का? आजोबा म्हणाले, तो झोपणारा माणूस नाही, लांबच्या बांधावर गेला असेल. मग त्यांनी कंदील उचलला, माळ्याच्या कडेला उभे राहिले, आणि आधीपेक्षा मोठ्याने हाकारा घातला.